‘जोखीम नाही’ असा शेरा मारण्याआधी

दिवस पूर्ण भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, थोड्या वेळाने वार सुटते आणि ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. पुढे रक्त गोठून ती बुजतात, पण पहिलं काम गर्भाशयाच्या स्नायूचं असतं. स्नायूचे तंतू या वाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. स्नायू आकसला की वाहिन्या पिळल्या जाऊन बंद होतात. बेंबीच्या आसपास हात ठेवला तर चेंडूसारखा कडक गोळा लागतो, तो हा आकसलेला गर्भाशय. हाताखाली मऊ, पसरट, कणकेच्या गोळ्यासारखं काही लागलं तर वाहिन्या अजून उघड्या आहेत. अशा वेळी धडधाकट बाईसुद्धा अर्ध्या तासात जिवाला मुकू शकते.

हा बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव कुणाच्या बाबतीत होईल ते आधी ओळखता यावं, म्हणून प्रसूतिशास्त्राने जोखमीच्या घटकांची लांबलचक यादी तयार केली आहे. यादी खरी आहे. तिच्यातला जवळपास प्रत्येक घटक हजारो बाळंतपणांच्या नोंदींवरून सिद्ध झालेला आहे. तक्रार आहे ती यादीच्या वापराबद्दल. तपासणीच्या पहिल्या दिवशी यादीवर खुणा होतात, बाईवर ‘जोखमीची’ किंवा ‘जोखीम नाही’ असा शिक्का बसतो आणि पुढचं सगळं त्या शिक्क्याप्रमाणे चालतं: कुणाजवळ थांबायचं, कुणाच्या हाताला सुई लावून ठेवायची, कुणासाठी रक्त राखायचं. आमचं म्हणणं असं की कुणासाठी तयारी वाढवायची हे ठरवायला ही यादी जरूर वापरावी. कुणाकडे कमी पाहिलं तरी चालेल हे ठरवायला ती वापरू नये. आणि सार्वजनिक पैसा खर्चताना आणखी बारीक चाळण्या लावणाऱ्या याद्यांपेक्षा प्रत्येक बाळंतपणात रक्त मोजण्यावर, गर्भाशय आकसवणारं औषध थंड राखण्यावर आणि गरोदरपणातल्या रक्तक्षयावर तो आधी खर्चावा.

यामागे साधा हिशेब आहे. समजा, एका ठिकाणी १,००० बाळंतपणं झाली. त्यांतल्या २०० बायकांवर जोखमीचा शिक्का होता आणि त्यांच्यात अतिरक्तस्रावाचं प्रमाण ८ टक्के होतं. बाकीच्या ८०० जणींत ते निम्मं, म्हणजे ४ टक्के. पहिल्या गटात १६ जणींना जास्त रक्त गेलं, दुसऱ्या गटात ३२ जणींना. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, पण गणिताचं वळण सगळीकडे हेच राहतं. ज्यांना धोका कमी त्या बायका संख्येने इतक्या जास्त असतात की एकूण आपत्तींतल्या पुष्कळशा त्यांच्याच वाट्याला येतात. शिक्का कितीही हुशारीने मारला तरी हा हिशेब पूर्ण उलटत नाही, कारण गर्भाशय ऐनवेळी सैल का पडला याचं कारण बऱ्याचदा आधी दिसतच नाही.

म्हणून यादी फेकून द्यायची नाही. प्रत्येक घटकाला ‘मग आता करायचं काय’ हा प्रश्न विचारायचा आहे, आणि तो विचारला की यादीतले घटक सारखे राहत नाहीत. काही वजनदार ठरतात, काही नुसती टिकमार्कची जागा अडवून बसलेले दिसतात.

बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात सुमारे ७० टक्के वेळा गर्भाशय नीट न आकसणं हे कारण सापडतं. उरलेल्यांत जन्ममार्गाच्या जखमा, आत राहिलेला वारेचा तुकडा, आणि क्वचित रक्त गोठण्यातला दोष. अनेकदा दोन कारणं हातात हात घालून येतात. जुळी, पोटात जास्त पाणी, फार मोठं बाळ, या सगळ्यांत ताणून सैल झालेल्या स्नायूला चटकन आकसता येत नाही. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी त्याला एकसंध आवळू देत नाहीत. गर्भजलाला जंतुसंसर्ग झाला की स्नायू थकतो. हे ओळखीचं आहे.

लांबलेल्या कळांचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिनचं सलाईन तासन्‌तास चालू राहिलं, तर स्नायूच्या पेशींवर ते औषध पकडणारी जी ग्राही केंद्रं असतात ती सततच्या माऱ्याने बोथट होतात. बाळ झाल्यावर तेच औषध पुन्हा दिलं की गर्भाशय पूर्वीसारखी दाद देत नाही. यादीचा खरा उपयोग इथे आहे. अशा बाईला रक्त जाऊ लागलं तर ऑक्सिटोसिनच्याच मात्रा चढवत बसू नये, दुसऱ्या जातीचं औषध लवकर हाती घ्यावं. त्यात मिथाइलएर्गोमेट्रीन वाढलेल्या रक्तदाबात चालत नाही आणि कार्बोप्रोस्ट दम्यात चालत नाही. म्हणून रक्तदाब आहे का आणि दमा आहे का, हे दोन प्रश्न कळा चालू असतानाच विचारून उत्तर केसपेपरवर ठळक लिहिलेलं असावं. रक्त वाहू लागल्यावर उत्तर द्यायला ती शुद्धीवर असेलच असं नाही.

सगळ्यात वजनदार जोडी म्हणजे आधीचं सिझेरियन आणि या खेपेला खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली वार. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशयाचं अस्तर विरळ असतं. तिथे वार रुजली तर ती स्नायूत खोल घुसते आणि सुटायची तेव्हा सुटत नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांमध्ये ती स्नायूत रुतलेली असण्याचं प्रमाण पहिल्याच सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४०, आणि चौथ्याच्या वेळी ६१ टक्के सापडलं. तिसऱ्या खेपेला ११ वरून ४० वर ही जी उडी आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी सिझेरियन झालेल्या प्रत्येक बाईची वार नेमकी कुठे आहे, हे सोनोग्राफीत मुद्दाम पाहून लिहायला हवं, आणि ती जुन्या व्रणावर असेल तर बाळंतपण कुठे करायचं हे महिनाभर आधी ठरायला हवं: जिथे रक्तपेढी आहे, भूलतज्ज्ञ आहेत आणि वेळ आली तर गर्भाशय काढू शकणारे हात आहेत अशा ठिकाणी. अशी वार हाताने सोडवायला जाणं हीच इथली सर्वांत घातक चूक. ओढाल तसं रक्त वाढतं. पहिलं सिझेरियन खरोखर गरजेचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दोन बाळंतपणांच्या जोखमीला जाऊन भिडतं. ही गोष्ट पहिल्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राआधी बोलली जायला हवी.

आधीच्या बाळंतपणात जास्त रक्त गेलं असेल तर पुन्हा जाण्याचा धोका वाढतो, हे सगळे लिहून घेतात. मागच्या वेळी कशामुळे गेलं हे फारसं कुणी विचारत नाही. जन्ममार्ग फाटला होता, वार अडकली होती, की गर्भाशय सैल पडला होता? तिन्हींची या वेळची तयारी वेगळी. रक्त गोठण्याचा दोष शोधायलाही महागडी तपासणी आधी लागत नाही: पाळी सुरू झाल्यापासून खूप रक्त जातं का, दात काढल्यावर तासन्‌तास रक्त थांबत नव्हतं का, घरात आणखी कुणाला तसं आहे का. इथे ‘हो’ आलं तर पुढच्या तपासण्या.

आता रक्तक्षयाकडे येऊ, कारण आमच्या मते यादीत त्याचं स्थान फार वर असायला हवं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. पूर्वी असं मानलं जाई की रक्तक्षयाची बाई तेवढंच रक्त गेलं तरी लवकर कोलमडते, एवढाच त्याचा संबंध. तो खरा आहेच. पण पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांत हिमोग्लोबिन १० च्या खाली असलेल्या सुमारे १५,००० बायकांवर झालेल्या ‘वुमन-२’ चाचणीच्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. मध्यम रक्तक्षय असलेल्यांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण साधारण ६ टक्के, आणि तीव्र रक्तक्षय असलेल्यांत साधारण ११ टक्के. म्हणजे जिच्याकडे गमवायला रक्त कमी, तिचंच जास्त जातं.

यात शरीराच्या आकाराचाही भाग आहे, तो यादीत नावालाही नसतो. गरोदरपणाच्या शेवटी अंगातलं रक्त वजनाच्या दर किलोला साधारण १०० मिलिलिटर धरतात. ७० किलोच्या बाईकडे सात लिटर, ४५ किलोच्या बाईकडे साडेचार. एक लिटर गेलं तर पहिलीचा सातवा हिस्सा गेला. दुसरीचा जवळपास पाव. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकारात तर रक्ताचं प्रमाण वाढायला हवं तेवढं वाढलेलंच नसतं, वर प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात, आणि झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं मॅग्नेशियम सल्फेट स्नायूला ढिलं पाडतं. शिवाय मिथाइलएर्गोमेट्रीनचं दार तिच्यासाठी बंद. एकाच बाईत चार अडचणी एकदम, आणि केसपेपरवर मात्र एकच खूण.

रक्तक्षय हा यादीतला असा घटक आहे जो बदलता येतो. आईचं वय बदलत नाही, जुळी एक होत नाहीत, जुना व्रण पुसता येत नाही. हिमोग्लोबिन वाढवता येतं. पण त्याला वेळ लागतो. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर साधारण दोन ते चार आठवड्यांत एक ग्रॅम, एवढीच त्याची चाल. छत्तिसाव्या आठवड्यात ८ सापडलं तर गोळ्यांना पुरेसा अवधीच उरत नाही. तिथे शिरेतून लोह द्यावं लागतं. म्हणून पहिल्या भेटीत एकदा आणि अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास पुन्हा, अशी तपासणी ठरलेलीच हवी. आणि दुसऱ्या तपासणीत आकडा वाढलेला नसेल तर ‘गोळ्या चालू ठेवा’ एवढं लिहून सोडू नये. गोळ्या पोटाला सोसत नव्हत्या म्हणून बंद झाल्या, की घेऊनही उपयोग होत नाही, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

इथपर्यंत बाईच्या अंगातली जोखीम झाली. मोठ्या प्रमाणावरच्या अभ्यासांत एक घटक असाही येतो जो तिच्या अंगात नाहीच: गरोदरपणात एकदाही तपासणी न होणं. हा घटक यादीत तिच्या नावापुढे लिहिला जातो, पण ती जोखीम तिची नव्हे, तिच्यापर्यंत न पोहोचलेल्या व्यवस्थेची आहे. प्रसूतिगृहाच्या चार भिंतींत अशा आणखी कितीतरी जोखमी असतात. त्यांची यादी कोणी करत नाही.

ऑक्सिटोसिनची कुपी घ्या. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं औषध आहे. ट्रेमध्ये दिवसचे दिवस बाहेर राहिलेली, वीज गेलेल्या फ्रिजमध्ये तापलेली कुपी दिसायला अगदी तशीच असते. पाणी तितकंच स्वच्छ, लेबल तितकंच कोरं. तिचा जोर मात्र उतरलेला असतो. असं इंजेक्शन दिलं की नोंदीत ‘दिलं’ असं लिहिलं जातं आणि गर्भाशय सैलच राहतो. मग दोष बाईच्या ‘न आकसणाऱ्या’ गर्भाशयाला दिला जातो. जिथे थंड साखळीचा भरवसा नाही तिथे उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनचा पर्याय आहे. १० देशांतल्या सुमारे ३०,००० बायकांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० मिलिलिटरचा रक्तस्राव टाळण्यात ते ऑक्सिटोसिनहून कमी पडलं नाही. पण ते रक्तस्राव टाळण्यासाठी आहे. सुरू झालेला थांबवण्यासाठी नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्याही फ्रिजशिवाय टिकतात, आणि उपचारासाठी ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली देता येतात.

दुसरी जोखीम आहे आपल्या डोळ्यांची. सांडलेलं रक्त नुसतं बघून अंदाज केला तर तो कमीच येतो, आणि जितकं जास्त रक्त गेलेलं असेल तितका अंदाज जास्त चुकतो. रक्त चादरीत मुरतं, गर्भजलात मिसळतं, बादलीत पडतं, टाके घालताना बोळ्यांत शोषलं जातं. एकदम उसळलं तर सगळे धावतात. तास-दीड तास बारीक धार चालू राहते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, कारण कोणत्याही एका क्षणी ती ‘फार’ दिसत नाही. अनुभव वाढल्याने हा दोष जात नाही. वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे अंदाजही असेच चुकतात.

नाडी आणि रक्तदाबही उशिरा बोलतात. बाळंतिणीचं शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब धरून ठेवतं, आणि पाव हिस्सा रक्त जाईपर्यंत रक्तदाबाचा आकडा चांगला दिसू शकतो. नाडी ११० आणि वरचा रक्तदाब १०४ असेल तर दोन्ही आकडे सुटेसुटे पाहणारा ‘ठीक आहे’ म्हणेल. पण नाडीला वरच्या रक्तदाबाने भागलं तर उत्तर १ च्या वर जातं, आणि ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं असतं. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या आकड्याला ओलांडून गेला की मदत बोलवायची, एवढं तर कागद-पेन्सिल न घेताही कळतं.

या सगळ्यावरचा उपाय साधा आहे: बाळ झाल्याबरोबर, गर्भजल निथळून गेल्यावर, बाईच्या कमरेखाली खुणा छापलेली प्लास्टिकची नरसाळ्यासारखी पिशवी लावायची आणि त्यात रक्त जमू द्यायचं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत या पिशवीच्या जोडीला उपचारांचा एक ठरीव संच होता. एक लिटरहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के राहिलं, आणि जिथे नवी पद्धत लावली तिथे १.६ टक्के. यातला एक तपशील जास्त बोलका आहे. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांतही रक्त पिशवीतच जमवलं जात होतं, फक्त तिच्यावर खुणा नव्हत्या. तिथे अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी ५१ टक्के जणींचाच तो ओळखला गेला. खुणा असलेल्या पिशवीने ९३ टक्के जणींचा. रक्त समोर लटकत होतं आणि तरी निम्म्यांचं निसटलं. या पद्धतीत जोखमीची यादी पाहून पिशवी लावायची नव्हती. सगळ्यांना लावायची होती.

पिशवी नसेल तर वजनकाटा चालतो. कोरड्या पॅडचं आणि चादरीचं वजन भिंतीवर लिहून ठेवायचं, भिजलेलं वजन करून त्यातून वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर.

मोजल्यानंतर काय, हेही ठरलेलं हवं. ५०० मिलिलिटर झालं की उपचार सुरू. ३०० झालं आणि सोबत नाडी १०० च्या वर, वरचा रक्तदाब १०० च्या खाली किंवा अशीच दुसरी खूण दिसली तर ५०० ची वाट पाहायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना याच दिशेच्या आहेत. उपचार एकामागून एक, मधे थांबून ‘बघू’ म्हणत नव्हे, तर सगळे एका दमात सुरू करायचे: गर्भाशय चोळून कडक करायचा, लघवीची पिशवी रिकामी करायची (भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलून आकसू देत नाही, आणि हे साधं काम हटकून राहून जातं), गर्भाशय आकसवणारं औषध शिरेतून, ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत हळूहळू शिरेतून, सलाईन, आणि योनी व गर्भाशयमुख चांगल्या उजेडात तपासून फाटलेलं कुठे आहे ते शोधायचं. गोळा कडक आहे आणि तरी लालभडक रक्त येतंय, तर जखम आहे; आणखी ऑक्सिटोसिन देऊन ती भरणार नाही. वार तपासताना तिचा एखादा खंड कमी दिसला तर तो आत आहे.

ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडला वेळेची अट आहे. २१ देशांतल्या २०,०६० बायकांवरच्या ‘वुमन’ चाचणीत, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तेव्हा रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर देऊन फायदा दिसला नाही. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. या औषधाची आणखी एक जोखीम कपाटात असते. त्याची कुपी पाठीच्या मणक्यात भूल देण्याच्या औषधाच्या कुपीसारखी दिसू शकते, आणि सिझेरियनच्या गडबडीत ते चुकून मणक्यात टोचलं गेल्याने बायका दगावल्या आहेत. दोन्ही औषधं एकाच कप्प्यात न ठेवणं, याला एक पैसाही लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की सगळ्यांचं मोजू लागलं की ‘अतिरक्तस्राव’ झालेल्यांचा आकडा फुगतो. निरोगी बाई ५०० मिलिलिटर सहज पचवते, तिला कशाला औषधं टोचायची? आकडा फुगेल हे खरं. पण तो रक्तस्राव आधीही होत होता, फक्त नोंदीत नव्हता. आणि कोणती बाई ५०० वर थांबणार, कोणती १,५०० वर जाणार, हे ५०० च्या टप्प्यावर ओळखायची खात्रीची खूण आज उपलब्ध नाही. सुरुवातीचे उपचार सौम्य आहेत. उशिराचे उपचार म्हणजे रक्ताच्या पिशव्या, गर्भाशयात फुगा, पोट उघडणं, गर्भाशय काढणं.

दुसरा आक्षेप नैसर्गिक बाळंतपणाच्या बाजूने येतो: जोखीम नसलेल्या बाईला बाळ झाल्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सरसकट का द्यायचं? कारण १० युनिटचं ते एक इंजेक्शन ५०० मिलिलिटरच्या वरचा रक्तस्राव साधारण निम्म्यावर आणतं, आणि हा फायदा घ्यायला आधी धोका दिसलेला असण्याची गरज नसते. नाळ एक ते तीन मिनिटं न कापता ठेवायला या इंजेक्शनची आडकाठी नाही. एखादीने सगळं समजून घेऊन ते नाकारलं तर तो तिचा हक्क आहे. मोजणी मात्र तिचीही व्हावी, उलट तिची जास्त नेटाने.

हा आक्षेप घेणाऱ्यांशी एका मुद्द्यावर आम्ही पूर्ण सहमत आहोत. सगळ्यांची तयारी म्हणजे सगळ्यांना सगळी औषधं नव्हे. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड रक्तस्राव सुरू झाल्यावर जीव वाचवतं, म्हणून ते आधीच देऊन टाकावं, असा मोह होणं साहजिक होतं. ‘वुमन-२’ मध्ये रक्तक्षय असलेल्या बायकांना ते आधी दिलं, आणि अतिरक्तस्रावाचं प्रमाण औषध मिळालेल्यांत ७ टक्के व न मिळालेल्यांत ६.६ टक्के राहिलं. म्हणजे फरक पडला नाही. जोखमीचा शिक्का पाहून औषध टोचण्याचा मार्ग इथेही फळला नाही. रक्तक्षयाचा इलाज बाळंतपणाच्या खोलीत सापडत नाही, तो चार महिने आधी करावा लागतो.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी गोळ्याचा कडकपणा, नाडी आणि पिशवीतली पातळी पाहायची असते. नेमक्या याच वेळात कर्मचारी बाळाकडे, कागदपत्रांकडे आणि पुढच्या कळांच्या बाईकडे वळलेले असतात, आणि ‘जोखीम नाही’ शिक्क्याची बाई पडद्याआड एकटी पडते. म्हणून इथे माणसांची संख्या हा औषधाइतकाच खरा उपचार आहे, आणि अंदाजपत्रकात तो तसाच मांडला गेला पाहिजे. दोन बाळंतपणं एका वेळी सुरू असताना एकच परिचारिका असेल, तर दर पंधरा मिनिटांची नोंद नंतर एका बैठकीत भरली जाते. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच हातवळणात.

प्रसूतीच्या नोंदवहीत रक्तस्रावाचा रकाना असतो आणि पुष्कळदा तिथे ‘सामान्य’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या रकान्यात शब्द लिहायला बंदी करावी आणि मिलिलिटरचा आकडा व वेळ लिहिणं सक्तीचं करावं, ही आमची सरकारांकडे आणि खासगी प्रसूतिगृहांकडेही पहिली मागणी आहे. खऱ्या मोजणीचे आकडे वेडेवाकडे असतात: १८५, ४३०, २६०, ७१०. महिन्याअखेरीस वही उघडल्यावर ओळीने २००, २५०, २००, २०० असं दिसलं, तर पिशव्या अजून पाकिटातच आहेत हे कळायला वेगळी तपासणी लागत नाही.